आंत्रपुच्छाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया : पद्धती, खर्च आणि परिणाम

(वार्षिक सभेत शस्त्रक्रिया विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रत्येक विभागाने आपल्या कामाचा आढावा सादर करावा, असा प्रघात आहे. वर्षभरातील शस्त्रक्रियांचे व शिबिरांचे तक्ते या अहवालात स्वतंत्रपणे दिलेले असल्यामुळे त्यांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज एकाच आजाराविषयी आणि एकाच शस्त्रक्रियेविषयी सविस्तर बोलण्याची अनुज्ञा असावी. तो आजार म्हणजे आंत्रपुच्छदाह, अर्थात ज्याला आपण सर्वजण 'अपेंडिक्स' म्हणतो तो.

हा विषय निवडण्यास कारण आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या साधनसामग्रीचा प्रश्न विश्वस्त मंडळासमोर आहे. कोणते साधन घ्यावे, कोणते न घेतले तरी चालेल, आणि न घेतल्यामुळे वाचलेला पैसा कोठे खर्च करावा, हे ठरवावयाचे आहे. हा निर्णय केवळ डॉक्टरांनी घ्यावा असे आम्हांस वाटत नाही. पैसा देणगीदारांचा, उत्तरदायित्व विश्वस्तांचे आणि पोट रुग्णाचे. तेव्हा तिघांनाही हिशेब समजला पाहिजे.

आजार आणि वेळ

लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते, तेथे करंगळीएवढी एक बंद नळी लोंबत असते. तिचे तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले, की आत दाब वाढतो, जंतू वाढतात, रक्तपुरवठा खुंटतो आणि अखेर नळी फुटते. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते, काही तासांनी उजव्या बाजूस खाली उतरते; भूक मरते, मळमळते, बारीक ताप येतो. कोणत्याही वयात होणारा हा विकार असला, तरी दहा ते तीस या वयात तो अधिक आढळतो. म्हणजे शाळेतील मुले, नव्याने संसाराला लागलेल्या स्त्रिया आणि घराचा भार उचलणारे तरुण हेच त्याचे मुख्य रुग्ण होत.

दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या दिवसात रुग्ण आला, तर बहुधा शस्त्रक्रिया सोपी होते. दीड-दोन दिवस उलटून गेले, की नळी फुटण्याचा धोका वाढत जातो. पू पोटभर पसरला तर एका छोट्या शस्त्रक्रियेचे रूपांतर प्राणावर बेतणाऱ्या दुखण्यात होते. हे दीड-दोन दिवस आपल्या दोन तालुक्यांत कसे जातात, हे आपण जाणताच. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, कसाऱ्याची लोकल जाते, आणि २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही खुला झाला. परंतु महामार्गावरून दिसणाऱ्या डोंगरापलीकडच्या पाड्यावरून डोळखांबपर्यंत किंवा खर्डीपर्यंत येणे, हा प्रवास अजून वेगळाच आहे. मुरबाडला तर रेल्वे नाही. माळशेजच्या पायथ्याच्या गावांतून टोकावडे, सरळगाव करीत यावे लागते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असेल तर तेही थांबते. भातशा, तानसा आणि वैतरणेच्या धरणांचे पाणी मुंबईच्या घराघरांत पोहोचते. त्या धरणांच्या काठच्या माणसाला मात्र पोटदुखीच्या रात्री वाहन मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

त्यातच लावणीचे दिवस असले तर दुखणे अंगावर काढले जाते. बेंबी सरकली असे समजून पोट चोळले जाते. पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल दिले जाते. हे सारे मायेपोटीच होते. म्हणून त्याला आम्ही दोष देत नाही, परंतु या आजारात दोन्ही उपाय घातक ठरू शकतात, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

शस्त्रक्रियेचा थोडा इतिहास

आंत्रपुच्छ काढल्याची पहिली नोंद १७३५ सालची आहे. लंडनमध्ये क्लॉडियस अमियँड यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियात सापडलेले आंत्रपुच्छ काढले. १८८६ साली अमेरिकेतील रेजिनाल्ड फिट्झ यांनी हा आजार नेमका ओळखून त्याला आजचे नाव दिले. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८९४ साली वर्णिलेला उजव्या बाजूचा तिरका छेद आजही जगभर वापरला जातो. १९०२ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असता याच विकारामुळे तो पुढे ढकलावा लागला आणि राजवाड्यातच त्यांच्या पोटातील पू काढावा लागला. राजा असो वा वीटभट्टीवरचा मजूर, या आजारापुढे दोघे समान आहेत. फरक पडतो तो वैद्य किती लवकर भेटतो याचा.

दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढण्याचा पहिला मान जर्मनीतील कील येथील कुर्ट झेम यांचा. ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते. १९८० साली त्यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांच्याच देशातील शल्यचिकित्सकांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून पोटातील आजारांच्या निदानासाठी दुर्बिणीचा वापर सुरू केला आणि १९९० साली भारतातील पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. २०२३ साली त्यांचे निधन झाले. दुर्बीण ही श्रीमंतांची चैन नव्हे, हातावर पोट असलेल्या माणसालाच तिची खरी गरज आहे, हा विचार त्यांनी सातत्याने मांडला. आजच्या भाषणाचा गाभाही तोच आहे. मात्र त्या विचाराला एक अट जोडावी लागते. दुर्बिणीचा लाभ गरिबाच्या पदरात पडावयाचा असेल, तर ती शस्त्रक्रिया स्वस्तात करता आली पाहिजे.

उघडी शस्त्रक्रिया की दुर्बिणीची?

या प्रश्नावर जगभर जेवढे अभ्यास झाले तेवढे फारच थोड्या शस्त्रक्रियांवर झाले असतील. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली ८५ अभ्यास व ९,७६५ रुग्ण एकत्र घेऊन त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रौढ रुग्णांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर जखम पिकण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली. रुग्णालयातील मुक्काम सरासरीने सुमारे एक दिवस घटला. आणि नेहमीच्या कामावर परतणे सुमारे पाच दिवस आधी झाले. याउलट पोटाच्या आत पू साठण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात काहीसे अधिक आढळले. लाभ आहे, पण तो निरपवाद नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत आणखी एक लाभ सांगावयास हवा. उजव्या ओटीपोटातील प्रत्येक दुखणे आंत्रपुच्छाचे नसते. अंडाशयाची गाठ, तिला बसलेला पीळ, नलिकेतील गर्भ, क्वचित पोटाचा क्षयही असतो. लहान तिरक्या छेदातून हे दिसत नाही. दुर्बिणीतून सारे पोट पाहता येते आणि नेमके जे असेल त्यावर इलाज करता येतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. आपल्या भागातील अनेक माताभगिनींना 'दुर्बिणीचे ऑपरेशन' हे शब्द प्रथम कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून कळले. त्यामुळे अविवाहित मुलीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचविली, की आईच्या चेहऱ्यावर भीती उमटते आणि "डॉक्टर, पोरीला पुढं मूलबाळ होईल ना?" असा प्रश्न येतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुर्बीण हे केवळ पाहण्याचे साधन आहे. आंत्रपुच्छ काढताना गर्भाशयाला वा नलिकांना हात लावण्याचे कारण नसते. उलट फुटलेल्या आंत्रपुच्छाचा पू ओटीपोटात पसरला, तर पुढे नलिकांना चिकटे पडण्याची भीती असते. म्हणजे धोका शस्त्रक्रियेत नसून उशिरात आहे. संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी ही गोष्ट घरच्यांच्या भाषेत सांगितली गेलीच पाहिजे, असा आमच्या विभागाचा दंडक आहे.

हातमजुराचा हिशेब

आता खर्चाकडे वळू. रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा एक भाग झाला. बुडालेली मजुरी, सोबत्याचा खाडा, वाहनाचे भाडे आणि बाहेरचे जेवण हा दुसरा भाग कोणत्याही पावतीवर येत नाही.

२०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातील जाहीर दर दिवसाला ३१२ रुपये होता. तो दर धरून ढोबळ हिशेब मांडू. दुर्बिणीमुळे रुग्ण पाच दिवस आधी कामावर गेला, तर १,५६० रुपये वाचले. रुग्णालयातील एक दिवस कमी झाल्याने सोबत्याचा एक खाडा वाचला, ते ३१२ रुपये. एकूण सुमारे १,९०० रुपये. दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या दृष्टीने या रकमेची किंमत याहून मोठी आहे, कारण तेथे खाडा म्हणजे उचलीवर चढणारा बोजा.

हा १,९०० रुपयांचा आकडा आपण सर्वांनी लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे. दुर्बिणीच्या पद्धतीने रुग्णाला दिलेला हा आर्थिक लाभ आहे. त्या पद्धतीसाठी वापरून टाकावयाच्या साधनांवर यापेक्षा अधिक रक्कम खर्च झाली आणि ती बिलात चढली, तर लाभ रुग्णाच्या हाती न राहता साधनांच्या विक्रेत्याकडे जातो. ती रक्कम रुग्णाऐवजी संस्थेने सोसली, तरी ती अखेर दुसऱ्या एखाद्या गरजू रुग्णाच्या वाट्यातूनच जाते. शासकीय आरोग्य योजनांतही शस्त्रक्रियेचा मोबदला ठरलेला असतो. महाग साधन वापरले म्हणून तो वाढत नाही.

मुळाशी गाठ कशी बांधावी?

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील खर्चाचा सर्वांत मोठा फरक एकाच पायरीवर पडतो. आंत्रपुच्छ मोठ्या आतड्यापासून वेगळे करताना त्याचे मूळ पक्के बंद करावे लागते. ते सुटले तर आतड्यातील मळ पोटात येतो. यासाठी चार मार्ग प्रचलित आहेत.

पहिला मार्ग स्टेपलरचा. एका दाबात मूळ शिवले जाते आणि कापलेही जाते. वेळ वाचतो, हाताला श्रम नाहीत. परंतु एका रुग्णासाठी हे साधन व त्याचे काडतूस यांचा खर्च अनेक हजार रुपयांच्या घरात जातो. दुसरा मार्ग धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या क्लिपांचा. तो त्याहून स्वस्त, पण मूळ फार सुजलेले असेल तर क्लिप पुरत नाही. तिसरा मार्ग तयार फासाचा, ज्याला एंडोलूप म्हणतात. त्याची किंमत शेकड्यांत असते. चौथा मार्ग म्हणजे साध्या विरघळणाऱ्या धाग्याने शल्यचिकित्सकाने स्वतः सरकगाठ बांधून ती नळीतून आत सरकविणे. ही रोडरची सरकगाठ मूळची टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेतील. झेम यांनी ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणली. येथे खर्च केवळ धाग्याच्या एका पाकिटाचा.

मग स्वस्त गाठ कमी सुरक्षित आहे काय? कॉक्रेनच्याच २०१७ सालच्या आढाव्यात आठ अभ्यासांतील ८५० रुग्णांची तुलना आहे. स्टेपलर व क्लिपांसारखी यांत्रिक साधने आणि धाग्याची गाठ यांत एकूण गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यांत्रिक साधनांनी शस्त्रक्रियेचा वेळ सरासरी नऊ मिनिटांनी वाचला आणि वरवरचा जखमेचा संसर्ग काहीसा कमी दिसला. तरीही कोणत्याही एका पद्धतीची शिफारस करण्याइतका पुरावा त्या आढाव्याला पुरेसा वाटला नाही. जागतिक आपत्कालीन शल्यचिकित्सा संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूत्रांनीही साध्या प्रसंगी स्टेपलरपेक्षा फास, टाका किंवा प्लॅस्टिकची क्लिप यांनाच पसंती दिली आहे.

नऊ मिनिटांसाठी अनेक हजार रुपये मोजावेत काय, असा हा प्रश्न आहे. दिवसाला वीस शस्त्रक्रिया करणाऱ्या महानगरी रुग्णालयात नऊ मिनिटांना किंमत असेलही. आपल्या शस्त्रक्रियागृहात तेवढी मिनिटे आमच्याकडे आहेत. मूळच सडलेले असेल, तेथे गाठ धरत नसेल, अशा निवडक प्रसंगी स्टेपलर उपयोगी पडतो. त्यासाठी एखादा संच कपाटात राखीव असावा. नित्याच्या वापरासाठी त्याची खरेदी करावी, अशी शिफारस आम्ही करीत नाही.

इतर छोटे खर्च

हाच विचार इतर पायऱ्यांनाही लागू आहे. आंत्रपुच्छाची रक्तवाहिनी बंद करण्यासाठी महागडे ध्वनिलहरींचे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. बायपोलर चिमट्याने ते काम होते. काढलेला भाग बाहेर आणण्यासाठी तयार पिशवीऐवजी निर्जंतुक हातमोज्याचे बोट वापरता येते. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरावयाच्या नळ्यांऐवजी धातूच्या नळ्या वर्षानुवर्षे चालतात. सडपातळ रुग्णात आंत्रपुच्छ मोकळे असेल, तर दुर्बिणीने ते पकडून नळीच्या छिद्रातून बाहेर आणावे आणि उघड्या शस्त्रक्रियेप्रमाणे बाहेरच बांधून कापावे, हीदेखील मान्यताप्राप्त पद्धत आहे. त्यात फासही लागत नाही, मात्र जखमेला पू लागू नये याची दक्षता घ्यावी लागते. बेंबीतील एकाच छिद्रातून करावयाच्या शस्त्रक्रियेचा बोलबाला बराच झाला. व्रण झाकला जातो हे खरे. परंतु तिला वेळ अधिक लागतो आणि तिची खास साधने महाग असतात.

काटकसरीची ही वाट ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्र टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पुढे युगांडात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय तुलनेतही मच्छरदाणीची जाळी महागड्या जाळीच्या बरोबरीने उतरली. डॉ. जे. ज्ञानराज आदी ग्रामीण शल्यचिकित्सकांनी पोटात वायू न भरता पोटाची भिंत वर उचलून धरण्याची पद्धत रुजविली आहे. तिला कार्बन डायऑक्साइड लागत नाही आणि ती कमरेतील भुलीखालीही करता येते. स्वस्त म्हणजे निकृष्ट नव्हे, हे या मंडळींनी परिणाम मोजून दाखविले. मोजणे हा त्यातील महत्त्वाचा भाग आहे.

जेथे काटकसर करू नये

तथापि एका ठिकाणी काटकसर म्हणजे अपराध ठरेल, आणि ते ठिकाण निर्जंतुकीकरणाचे आहे. दुर्बिणीची हत्यारे केवळ रासायनिक द्रावात बुडवून आणि साध्या पाण्याने धुऊन वापरल्यामुळे छिद्रांच्या जागी आठवड्यांनंतर चिवट गाठी व पाझर निर्माण होतो. क्षयाच्या जंतूंच्या गोतातील काही जंतू त्याला कारण असतात. नेहमीच्या प्रतिजैविकांना ते दाद देत नाहीत. महिनोन्‌महिने उपचार चालतात. आपल्या देशातील अनेक केंद्रांनी हा अनुभव नोंदविला आहे. सुटे करता येणारी धातूची हत्यारे, ती घासून पुसून कोरडी करणारा प्रशिक्षित सेवक आणि वाफेच्या दाबाचे ऑटोक्लेव्ह, हाच त्यावरचा उपाय. एका रुग्णाची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये असताना दुसऱ्यासाठी दुसरा संच तयार हवा. घाईने द्रावात बुडविण्याचा मोह त्यामुळेच टळेल.

दुसरे ठिकाण भुलीचे. पोटात वायू भरला की श्वासावर व हृदयावर ताण येतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, भूलतज्ज्ञ आणि अखंड वीज यांविना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आम्ही करणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे सांगावयास नको.

येथे आणखी एक नवी माहिती उपयोगी पडते. फिनलंड व नॉर्वे येथे झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न फुटलेल्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया आठ तासांत केली काय किंवा चोवीस तासांत केली काय, फुटण्याचे प्रमाण ८ व ९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. रुग्ण रुग्णालयात दाखल असेल, प्रतिजैविके व सलाईन सुरू असेल आणि गुंतागुंतीची चिन्हे नसतील, तर मध्यरात्री धावपळ न करता सकाळी पूर्ण सिद्धतेने शस्त्रक्रिया करता येते. मात्र ही सवलत रुग्णालयातील तासांना आहे; घरी काढलेल्या तासांना ती लागू नाही.

उघडा छेद म्हणजे कमीपणा नव्हे

नातेवाइकांना आमचे आवर्जून सांगणे आहे, की दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मध्येच उघड्या पद्धतीकडे वळविली, तर ते अपयश समजू नये. पोटभर पू असेल, आतडी एकमेकांस चिकटली असतील, रक्तदाब खालावला असेल, तर सुरक्षित तोच मार्ग चांगला. पूर्वी पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या किंवा हृदय व फुप्फुसांचा गंभीर विकार असलेल्या काही रुग्णांस आरंभापासूनच मॅकबर्नी यांचा छेद किंवा मधला छेद योग्य असतो. तो छेद सव्वाशेहून अधिक वर्षे प्राण वाचवीत आला आहे.

शस्त्रक्रियेविना केवळ प्रतिजैविकांनी उपचार होतो काय, असेही विचारले जाते. होतो, पण सर्वांचा नाही. फिनलंडमधील ५३० रुग्णांच्या अभ्यासात प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी पहिल्या वर्षात २७ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे ३९ टक्के रुग्णांना अखेर शस्त्रक्रिया लागली. त्या अभ्यासात सर्वांचे सीटी स्कॅन झालेले होते आणि दुखणे उलटले तर रुग्णालय हाताशी होते. कल्याण किंवा ठाण्यात राहणाऱ्या रुग्णास हा पर्याय समजावून देता येईल; पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या पाड्यावरील रुग्णास तो देताना दहा वेळा विचार करावा लागेल.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्याकडे मागणे

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर कायद्याचेही उत्तरदायित्व आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या निधीतून किती रुग्णांचे उपचार होतील, हे अंशतः शस्त्रक्रियागृहातील आमच्या निवडीवर ठरते. एका स्टेपलरच्या रकमेत धाग्याच्या गाठीने होणाऱ्या अनेक शस्त्रक्रियांचे साहित्य येते.

म्हणून आमची मागणी पुढीलप्रमाणे आहे. नित्य वापरासाठी स्टेपलर व एकछिद्री शस्त्रक्रियेची साधने घेऊ नयेत. त्याऐवजी धातूच्या हत्यारांचे दोन पूर्ण संच, एक चांगले ऑटोक्लेव्ह, भुलीच्या यंत्रासोबत कार्बन डायऑक्साइड मापक आणि जनरेटरची हमी द्यावी. तरुण डॉक्टरांना गाठी बांधण्याचा सराव करता यावा म्हणून सरावपेटी घ्यावी. हात शिकलेला असेल तर यंत्राची उणीव भासत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेची पद्धत, साहित्याचा खर्च, मुक्काम, संसर्ग आणि कामावर परतण्याचा दिवस यांची नोंदवही ठेवण्याचे दायित्व आमचे. ती विश्वस्तांना केव्हाही पाहता येईल.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. वाचलेल्या पैशातून पहिल्या दिवसाचा निधी उभारावा. पोटदुखीचा रुग्ण दारात आला, की रक्ततपासणी, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी यांसाठी त्याच्याकडे पैशाची विचारणा होऊ नये. दूरच्या पाड्यावरून आलेल्या वाहनाचे भाडे निधीतून द्यावे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे; ती जेथे पोहोचू शकत नाही, तेथे गावातील जीपवाल्याचा आधार असतो, आणि त्याला भाड्याची खात्री असली तर तो रात्रीही निघतो. अल्वाराडो यांनी १९८६ साली सुचविलेली दहा गुणांची पद्धत दुखण्याची चाल, मळमळ, ताप, पोटाची तपासणी आणि पांढऱ्या पेशींची मोजणी एवढ्यावर संशय ठरविते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका व आशा सेविका यांच्यासमवेत तिची उजळणी करण्यास आम्ही वेळ देऊ.

देणगीदारांना यंत्रावर आपले किंवा आपल्या दिवंगत मातापित्यांचे नाव असावे असे वाटते, आणि ती भावना आदरणीय आहे. परंतु जीपच्या भाड्यावर किंवा रक्ताच्या तपासणीवर नावाची पाटी लावता येत नाही. फुटण्यापूर्वी काढलेल्या प्रत्येक आंत्रपुच्छावर मात्र त्या निधीचा अदृश्य ठसा राहील. फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या रुग्णाला लागणारे अधिकचे दिवस, सलाईन आणि प्रतिजैविके यांचा खर्च पाहता, उघडी शस्त्रक्रिया आणि दुर्बीण यांच्या खर्चातील सारी तफावत त्यापुढे किरकोळ वाटते. या आजारातील सर्वांत महाग वस्तू उशीर ही आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना दोन शब्द सांगून थांबतो. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे उजवीकडे उतरले, जेवण नकोसे झाले आणि चालताना, खोकताना दुखू लागले, तर पोट चोळू नका, एरंडेल देऊ नका, लावणी उरकण्याची वाट पाहू नका. दुखणे आंत्रपुच्छाचे निघाले नाही तर आनंदाने घरी जा. तपासणीला आलात याबद्दल कोणी आपणांस बोल लावणार नाही. शस्त्रक्रिया सुचविली, तर ती कोणत्या पद्धतीने होणार, तीच का, आणि खर्च किती, हे निःसंकोच विचारा. उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.